दोन प्रकरणांमधला श्वास

१

वाचणाऱ्या बाईंना जाऊन वर्ष झालं होतं, आणि गेल्या सोमवारपासून त्या पुन्हा श्वास घेऊ लागल्या होत्या.

कुठे, म्हणाल तर पुस्तकांत. दृष्टी गेलेल्या सभासदांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी ती संस्था, आणि बाई तिथल्या सगळ्यांत लाडक्या वाचक. श्वास त्यांच्याच पुस्तकांत असता तर माणसांनी समजून घेतलं असतं. पण हा सगळ्यांच्या पुस्तकांत होता. घोगऱ्या आवाजाच्या वकिलांनी वाचलेल्या प्रवासवर्णनात होता. बाईंचं लग्नही झालं नव्हतं तेव्हा कुणीतरी वाचून ठेवलेल्या बागकामाच्या पुस्तकातही होता. एक प्रकरण संपायचं, दुसरं सुरू होण्याआधी थोडी शांतता यायची, आणि त्या शांततेत कुणीतरी अगदी कानाशी बसून श्वास घ्यायचं. आत. बाहेर. मग वकीलसाहेब पुढे वाचू लागायचे, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

एका आजीबाईंनी ऐकण्याचं यंत्र उचलून माळ्यावर ठेवलं, आणि मग माळ्याखाली झोप येईना म्हणून पुन्हा खाली काढलं. एका माणसानं ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळून संस्थेच्या दारात आणून ठेवलं आणि घंटा न वाजवता पळ काढला.

निवृत्त फौजदार मात्र पळणाऱ्यातले नव्हते. काचबिंदूनं डोळे गेल्यापासून त्यांची सगळी भूक कानांवर आली होती आणि दिवसाला एक खून ऐकल्याशिवाय त्यांना जेवण पचत नसे. त्या दुपारी पुस्तकात प्रेत सापडलं, पहिला भाग संपला आणि दोन भागांमधली लांब शांतता सुरू झाली. श्वास आला. आत, बाहेर. आत, बाहेर. मग एक खोल, घाईचा श्वास आत गेला.

आणि बाहेर आलाच नाही.

फौजदार स्वतःचा श्वास रोखून वाट बघत राहिले. छाती दुखायला लागली तेव्हा दुसरा भाग सुरू झाला. त्यांनी काठी उचलली, चपला चाचपल्या आणि थेट संस्था गाठली.

२

"काका, तुम्ही भुताखेतांच्या भानगडीत कधीपासून?" संचालकबाईंनी त्यांच्या हाताला खुर्ची लावून दिली.

"भूत माझ्या हद्दीत कधी आलं नाही. पण घुसखोरी आली की मी जायचो. बोला, सोमवारी काय झालं?"

झालं होतं ते असं. संस्थेची सगळी पुस्तकं राखीव प्रत म्हणून तळघरातल्या एका पेटीत होती. पेटी म्हणजे कपाटाएवढं यंत्र. ते थकलं, म्हणून नवी पेटी आणून सगळं सामान तिच्यात हलवलं. सभासदांना पुस्तकं पोचवणारं यंत्रही त्याच वेळी बदललं आणि त्यावर नव्या पेटीतून पुस्तकं उतरवली. सोमवारी कारभार सुरू झाला, आणि सोमवारीच बाईंनी श्वास घेतला.

"जुनी पेटी कुठंय?"

"तळघरातच. भाड्याची आहे ती. आज संध्याकाळी पुसून परत द्यायची. एकदाचा ताप जाईल."

"आणि बाहेर कुणीतरी मघापासून कात्री चालवतंय, तो कोण?"

संचालकबाईंचा आवाज खाली आला. "बाईंचे यजमान. शिंपी आहेत, आम्ही मास्तर म्हणतो. सोमवारपासून हातातलं काम घेऊन ऐकण्याच्या खोलीत बसतात. कुठलंही पुस्तक मागतात. काल खतांवरचं मागितलं. पुस्तक ऐकत नाहीत हो ते. प्रकरण संपायची वाट बघतात."

फौजदारांच्या मानेवर काटा आला. तो त्यांनी खाकरून झटकला.

"वर्षभर येतायत बिचारे," संचालकबाई पुढे म्हणाल्या. "इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी बाई इथे येऊन स्टुडिओत बसल्या होत्या. घरी जाऊन यांना म्हणाल्या, तुमच्यासाठी तिथे काहीतरी ठेवून आलेय. आम्ही सगळं पालथं घातलं. आमचे ध्वनिमुद्रक, कानसेन म्हणतो आम्ही त्यांना, ते शपथेवर सांगतात की बाईंनी काही मुद्रित केलंच नाही."

"म्हणजे एक वस्तू हरवली आणि एक आगंतुक आली. एकाच घरातून अशा दोन तक्रारी आल्या, की मी दोन चोर शोधत बसत नसे." फौजदार उठले. "मला आधी त्या पेट्यांकडे न्या. आणि संध्याकाळपर्यंत काहीही पुसू नका."

"ते माझ्या हातात नाही, काका. ते पेटीवालीच्या हातात आहे."

३

तळघर थंड होतं. डाव्या बाजूला एक यंत्र एका सुरात गुणगुणत होतं. उजव्या बाजूचं मध्येच अडखळायचं, खरडल्यासारखा आवाज करायचं, आणि पुन्हा दम घेऊन चालू व्हायचं.

"डोकं सांभाळा, वर पाइप आहे," एक तरुण, चटपटीत आवाज आला. ही पेटीवाली; पेट्यांतलं सामान हलवण्यासाठी बाहेरून बोलावलेली. "भूत बघायला आलात ना? भूत वगैरे काही नाही. काहीतरी चुकलंय. आणि चूक माझी नाही."

"मी कुठं विचारलं?"

त्यावर ती जरा जास्तच वेळ गप्प राहिली. फौजदारांना अशा गप्प राहण्याची चव माहीत होती.

"मला आधी पेटी समजावून सांग," ते म्हणाले. "मी म्हातारा आहे, सावकाश."

"समजा, शंभर सदरे आहेत आणि सगळ्यांना एकच तऱ्हेचं बटण आहे. साधं कपाट शंभर बटणं ठेवेल. ही पेटी एकच ठेवते, आणि प्रत्येक सदऱ्यावर खूण करते की बटण अमुक खणात आहे, लागलं की घ्या. पुस्तकांचंही तसंच. ती तुकडे करते, आणि हुबेहूब सारखे तुकडे सापडले की एकच ठेवून बाकीचे टाकून देते. जागा वाचते."

"आणि ते एक बटण कुणी बदललं तर?"

"शंभर सदऱ्यांचं बदलतं," ती हळूच म्हणाली.

"सगळ्या पुस्तकांत सारखं असं काय असतं? वाचक वेगळे, विषय वेगळे."

"शांतता. प्रकरणांच्या मधे नुसती कोरी जागा सोडली तर ऐकणाऱ्याला वाटतं यंत्र बंद पडलं. म्हणून खोलीचा आवाज भरतात. माणूस बसलाय पण बोलत नाही, असा. कानसेन ऐटीत सांगतात, मी प्रत्येक पुस्तकासाठी ताजी शांतता घेतो. कसली ताजी! पेटी उघडली तर संस्थेच्या पहिल्या पुस्तकापासून एकच शांतता निघाली. तोच तुकडा चिकटवत आलेत जन्मभर."

फौजदारांना हसू फुटलं. "लबाड! आणि आता सांग, नेमका तोच तुकडा खराब निघाला ना?"

खुर्ची करकरली. पेटीवाली बसली असावी.

"जुन्या पेटीत तेवढाच वाचता येईना. एवढासा तुकडा, पण अख्खी संस्था त्याच्यावर अडली. मी कानसेनांकडे मूळ मागितलं. त्यांच्याकडे ते उरलं नव्हतं. त्यांनी दुसरी शांतता दिली. पण पेटी प्रत्येक तुकड्याचा ठसा तपासते, तुम्ही बोटांचे घ्यायचात तसा. जुन्या नावाखाली नवा तुकडा ती घेईना. माझ्यावर घाई होती. मी तपासणी बंद केली, तुकडा बसवला, तपासणी चालू केली. कळलं तर माझं काम जाईल, काका."

"बसवण्याआधी ऐकलास?"

"मी पेट्या हलवते. ऐकणं त्यांचं काम. त्यांनी माझ्यासमोर कानाला लावून ऐकलं, दोनदा, आणि म्हणाले, एकदम निर्मळ आहे."

फौजदार जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकले. वर आजीबाईंपासून यंत्र टाकून पळालेल्या माणसापर्यंत सगळं गाव ज्या श्वासानं झोपेतून उठत होतं, तो श्वास गावातल्या सर्वांत तयार कानांनी दोनदा ऐकला होता आणि त्यांना त्यात काहीच सापडलं नव्हतं.

४

ऐकण्याच्या खोलीत कापडाचा नवा वास होता.

"मास्तर, मी फौजदार. होतो. तोंडातल्या टाचण्या काढता का जरा? मला गिळलेली टाचणी ऐकू आली की कसंतरी होतं."

टाचण्या एकेक करून डबीत पडल्या. मास्तरांचा आवाज इतका हळू होता, की फौजदारांना पुढे वाकावं लागलं. गिऱ्हाइकाच्या गळ्याशी टेप धरून जन्म गेलेला माणूस. आवाज चढवायची वेळच आली नसावी.

"तिचाच आहे," मास्तर म्हणाले. "लोक म्हणतात भास आहे. साहेब, श्वास आत जाताना घशात बारीक शीळ वाजते, ऐकलीत? ती आधी नव्हती. ती शेवटच्या महिन्यातली. घसाच धरला होता आजारानं."

"आणि लांब शांततेत तो आत जातो, मग येत नाही. ते काय आहे?"

मास्तरांनी हातातला कपडा मांडीवर ठेवला.

"बोलायच्या आधीचा आहे तो. ती मला हाक मारायच्या आधी असाच घ्यायची. मी मशीनवर असायचो, मागून हा श्वास आला की पाय आपोआप थांबायचा. मग ती म्हणायची, अहो." त्यांनी टाचण्यांची डबी बंद केली. "सोमवारपासून रोज तिथपर्यंत येते, साहेब. अगदी तोंडाशी येते. आणि वकील बोलायला लागतात."

यंत्रावर खतांचं प्रकरण संपलं. खोलीत श्वास सुरू झाला. आत. बाहेर. फौजदारांना वाटलं, आपण दोघं बसलोय त्या बाकावर आता तिघं आहोत. त्यांनी हात लांब करून चाचपून पाहिलं आणि स्वतःचीच लाज वाटून मागे घेतला.

"मास्तर," ते म्हणाले, "ती थांबलेली नाही. तिला कुणीतरी कापलंय."

५

स्टुडिओचं दार जाडजूड होतं. ते मागे लागलं आणि फौजदारांच्या भोवतीचं जगच नाहीसं झालं. आंधळ्या माणसाला भिंती ऐकू येतात. पावलांचा आवाज परत येतो, त्यावरून तो खोली मापतो. इथे काहीच परत येत नव्हतं. एखाद्या खोल विहिरीच्या मधोमध अधांतरी उभं असल्यासारखं त्यांना झालं.

"या या, फौजदारसाहेब!" कानसेनांचा आवाज गडगडला. जरुरीपेक्षा मोठा. "त्या श्वासाचं घेऊन बसलात ना? सगळे म्हणतात तसं मलाही वाटतं, यंत्राचा दोष आहे."

"तुम्ही ऐकलात?"

"म्हणजे काय! माझ्या कानांतून काय सुटतंय!"

फौजदारांनी खिशातून आपलं छोटं यंत्र काढलं आणि त्यांच्या कानाशी धरलं. "हे ऐका. लांब शांतता आहे. आला श्वास?"

"आला, आला. स्पष्ट! बाईच आहेत हो."

"घशात शीळ वाजते, ती?"

"वाजते तर! अंगावर शहारा येतो."

फौजदारांनी यंत्र खिशात ठेवलं. त्याचं बटण त्यांनी दाबलंच नव्हतं. मग ते पाठमोरे झाले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कानसेन, तुमच्या धोतराला आग लागलीय."

"बसा ना, उभे का?" कानसेन प्रेमानं म्हणाले. ते धोतर नेसत नसत, पण तो मुद्दा वेगळा.

फौजदार वळले, त्यांच्या खांद्याचा अंदाज घेतला आणि तोंड समोर आणून विचारलं, "किती वर्षं झाली ऐकू येईनासं होऊन?"

खुर्चीचा आवाज झाला. मग तो मोठा आवाज एकदम म्हातारा झाला.

"आधी पक्षी गेले. मग फोनची घंटा. मी ओठ वाचतो, यंत्रावरचे काटे बघतो. काटे खोटं बोलत नाहीत. मुद्रण चांगलंच होतं माझं, साहेब. अजूनही."

"त्या शेवटच्या दिवशी बाई आल्या तेव्हा काटा काय म्हणाला?"

"जेमतेम हलत होता. माइकपुढे जाळी असते, बाईंचे ओठ दिसत नव्हते. मी काचेपलीकडे. त्या बसल्या, बराच वेळ बसल्या, मग हसल्या आणि उठून गेल्या. मला वाटलं, खोलीचा निरोप घ्यायला आल्या. मुद्रण रिकामं होतं. नुसता माणूस बसलेला, बोलत नाही. पेटीवालीनं शांतता मागितली तेव्हा मनात आलं, याच्याहून चांगली..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही उरली नव्हती.

"आजारानं त्यांचा आवाज नेला होता," फौजदार एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत म्हणाले. "त्या गप्प बसल्या नव्हत्या, कानसेन. कुजबुजत होत्या. मास्तरांसाठी ठेवलेली वस्तू कुणी चोरली नाही. तुम्ही तिची शांतता केलीत, आणि घरोघर वाटलीत."

कानसेनांची खुर्ची करकरत मागे सरकली.

"पुढचं मुद्रण कुठंय?"

"सुरुवातीचा तुकडा कापून दिला. बाकीचं रिकामं म्हणून खूण केली... आणि पुसलं."

६

फौजदार जिना कसे उतरले ते त्यांनाच ठाऊक. पाइप मात्र त्यांना लागला.

"रिकामं म्हणून खूण केलेलं काही मी हलवलंच नाही," पेटीवाली म्हणाली. "नव्या पेटीत ते नाही."

"जुनीत?"

"जुनीतून नाव गेलंय. पण नाव पुसलं म्हणजे लगेच तुकडे जात नाहीत. झाडू फिरेपर्यंत पडून असतात, एकामागे एक बांधलेले."

"झाडू कधी फिरतो?"

उजवीकडचं यंत्र खरडलं, थांबलं, पुन्हा खरडलं. फौजदारांना आत्ता कळलं, तो दमलेला आवाज कशाचा होता.

"दुपारी चालू केला," ती म्हणाली. "पुसायच्या आधी झाडायचं असतं."

"थांबव!"

कळा धडाधड वाजल्या. खरडणं आणखी एकदा झालं, आणि बंद पडलं. तळघरात फक्त नव्या पेटीचा एकसुरी आवाज उरला.

"कोट्यवधी तुकडे आहेत, काका. नाव नाही. कुठला म्हणून शोधू?"

"तुझ्याकडे त्याचं डोकं आहे की! श्वास कुठून कापला? त्याच मुद्रणाच्या सुरुवातीतून. त्याचा ठसा नव्या पेटीत आहे. तोच ठसा जुनीत शोध, आणि त्याच्यामागे जे जे बांधलेलं असेल ते ओढून काढ. चोराच्या सदऱ्याचा दोरा धरून आम्ही अख्खा चोर काढायचो."

ती हसली नाही. कळा वाजत राहिल्या. मास्तर कधी खाली येऊन उभे राहिले ते कुणाला कळलं नाही; फौजदारांना फक्त नव्या कापडाचा वास आला. त्यांच्यामागे संचालकबाई, आणि सर्वांत मागे जड पावलं टाकत कानसेन.

"ठसा जुळला," पेटीवाली म्हणाली. "मागे साखळी आहे. झाडू तिच्या अलीकडेच थांबलाय. लावू?"

"माझ्या एकट्याला नको," मास्तर पुटपुटले. "शोधलं सगळ्यांनी. सगळ्यांना ऐकू दे."

आत. बाहेर. आत. बाहेर. तो खोल, घाईचा श्वास आत गेला. फौजदारांनी काठी घट्ट धरली.

"अहो," बाई म्हणाल्या.

७

कुजबूज होती, पण त्या थंड खोलीत ती चहूबाजूंनी आली.

"अहो, आवाज गेलाय, म्हणून असं. कान पुढे करा. घरी सांगितलं असतं तर तुम्ही रडत बसला असता आणि मला तुमचीच समजूत घालावी लागली असती. दम नाही आता तेवढा. ते निळं पोलकं तुम्ही शिवलंत ना, त्याची एक बाही उलटी लागली होती. इतकी वर्षं घातलं, बोलले नाही. आता सांगते, म्हणजे मला त्याच्यातच नेऊ नका."

मास्तरांच्या तोंडून हसू निघालं की हुंदका, ते फौजदारांच्या कानांनाही ठरवता आलं नाही.

"संध्याकाळी मशीन बंद करून विचारायचात, आज काय वाचलंस. आता कोण सांगणार? म्हणून इथे येत जा. माझीच पुस्तकं नको, सगळ्यांची ऐका. घरात एकटे कपड्यांशी बोलत बसू नका. आणि एक. काचेपलीकडे आपले कानसेन बसलेत, दिमाखात मान डोलावतायत. त्यांना यातलं एक अक्षर ऐकू येत नाहीये. केव्हापासूनच येत नाही. मी बिघडलेली ओळ आपली आपणच पुन्हा वाचायचे. माझ्यामागे त्यांना कोण सांभाळेल? इथून घालवलं तर वेडा होईल हो माणूस. तुम्ही बघा काहीतरी. चला, हसून उठते, म्हणजे त्यांना शंका यायची नाही."

आणि मग इतके दिवस अडकलेला तो श्वास सावकाश बाहेर आला.



"काय?" कानसेनांनी विचारलं. "लागलं का? काय म्हणाल्या?"

मास्तर पुढे गेले. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसानं कानसेनांचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि तो त्यांच्या कानात असा ओरडला, की वरच्या मजल्यावरची कारकून मंडळी उठून उभी राहिली.

"म्हणाली, तुम्हाला इथून हलवायचं नाही!"

"हो का?" कानसेन म्हणाले. नाक ओढल्याचा आवाज आला.

संचालकबाई पुढे झाल्या. "त्यांचं काय करायचं, ते नंतर बघू. आधी पुस्तकांना शांतता हवी. आजच्या आज."

"नवी घ्यावी लागेल," पेटीवाली म्हणाली. "या खेपेला नव्या नावानं बसवते, तपासणी चालू ठेवून. आणि सगळा घोळ कसा झाला, ते माझ्याच तोंडानं आमच्या कंपनीच्या साहेबांना सांगते. पण खोलीत बसेल कोण? गप्प बसता येणारा माणूस पाहिजे."

"मी बसतो," मास्तर म्हणाले.

तर ते स्टुडिओत जाऊन बसले. जाड दार लागलं. काचेच्या या बाजूला कानसेन आपल्या काट्यांपुढे, आणि शेजारी, कुणीतरी ऐकायला हवं म्हणून, हेडफोन चढवून फौजदार.

पहिल्यांदा नुसती खोली होती, पुस्तकांना पुरेल एवढी. मग मास्तरांचा संथ श्वास. मग कापड सारखं केल्याचा आवाज. आणि मग, पलीकडे बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही हे पक्कं ठाऊक असल्यासारखे, मास्तर अगदी हळू म्हणाले, "अगं, आज की नाही..."

फौजदारांनी उभ्या हयातीत दाराआडून, भिंतीआडून, लोकांच्या घशातून कायकाय ऐकलं होतं. पण हे ऐकणं आपलं नव्हे, असं वाटून त्यांनी हेडफोन काढले, चाचपत शेजारच्या डोक्यावर नेले आणि कानसेनांच्या दोन्ही कानांवर नीट बसवून दिले.

कानसेन मान डोलावत असावेत. त्यांची खुर्ची एका लयीत करकरत होती. मास्तरांचं बोलणं संपायला बराच वेळ लागला.